ओठ भरण्याचा शुक्रवार

तेरा डिसेंबर, शुक्रवार. बिदर. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, मेडिकल दुकानाच्या वर, त्वचेचा दवाखाना. सकाळचे साडेदहा.

हजर: मी. माझी धाकटी जाऊ. काम तिचं होतं. डॉक्टरबाई, ज्या दर शुक्रवारी कलबुर्गीहून येतात. त्यांच्या हाताखालची नर्स. गैरहजर: माझा दीर, म्हणजे जावेचा नवरा, कारण, म्हैस आज-उद्या विणार. यादीत नाव नसताना हजर: जावेची आई, मुक्काम ठाणाकुशनूर, सोबत नारळ, हिरवा खण आणि पाच तऱ्हेची फळं.

तारीख आणि हजेरी आधी लिहायची ही सवय मला आमच्या मन्नाएखेळ्ळीच्या महिला दूध डेअरीने लावली. मी तिथली सेक्रेटरी. मीटिंगला कोण होतं हे आधी लिहून ठेवलं, की महिन्याभराने "मी तर तिथं नव्हतेच" असं कुणाला म्हणता येत नाही. घरच्या कामांनाही मी तीच वही वापरते. मागच्या पानापासून उलटी.

तर जावेचा ओठ.

ती जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत फाटलेला होता. लहानपणीच एका शिबिरात टाके घालून तो जोडला. ज्याने जोडला त्याने काम नेटकं केलं होतं, पण जुना टाका आतून ओढून धरायचा. उजवीकडे ओठ भरलेला, आणि डावीकडे नुसती रेघ. चहा पिताना त्या कोपऱ्यातून ओघळ यायचा. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हापासून मी तिचा डावा हात मोकळा पाहिलेला नाही. त्या हातात कायम पदराचं टोक, आणि टोक तोंडावर. भाकरी थापताना दोन्ही हात गुंतायचे म्हणून ती चुलीपुढे भिंतीकडे तोंड करून बसायची. आमच्या घरातल्या कुठल्याही फोटोत तिचं तोंड नाही.

मी यादी करणारी बाई, पण ही गोष्ट माझ्या यादीत कधी आलीच नाही. सवयीची झाली होती. ती यादीत आणली डॉक्टरबाईंनी. डेअरीत आम्ही बायकांसाठी त्वचेची तपासणी ठेवली होती. हाताला खाज, पायाला चिरा, हेच जास्त. जाऊ आली ती बोटांच्या बेचक्यातली खाज दाखवायला. डॉक्टरबाईंनी हात बघितले, मलम लिहून दिलं, आणि लिहिता लिहिता म्हणाल्या, "वो पदर जरा बाजूला करते क्या, अक्का?"

जाऊ माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, कर.

डॉक्टरबाई उठून जवळ आल्या. कीव नाही, "अरेरे" नाही. शिंपिणीने बाही बघावी तसं त्यांनी बघितलं. मग त्यांच्या त्या कानडी, दखनी आणि मराठीच्या मिसळीत त्यांनी सांगितलं, की याला दोन रस्ते. एक पुन्हा कापून नव्याने शिवणं, ते मोठ्या दवाखान्यात. दुसरा, जिथे कमी आहे तिथे सुईने भरणं. शहरात ज्या बायका ओठ मोठे करून घेतात, गालावरच्या घड्या भरून घेतात, तेच औषध. "फिलर बोलते उसकू. तुटी थोडी भरली की दोन्ही बाजू जुळतात."

कानडीत ओठाला तुटी म्हणतात. आमच्या डेअरीत तूट म्हणजे कॅनमध्ये कमी भरलेलं दूध. मला दोन्ही अर्थ एकदम पटले.

पण खरं सांगायचं तर तोपर्यंत माझं या प्रकाराबद्दलचं मत चांगलं नव्हतं. ओठात सुया टोचून घेणं हे सिनेमातल्या बायकांचं काम, असं मी मानत होते. घरी बोलणं निघालं तेव्हा दिराचाही पहिला प्रश्न तोच होता जो सगळ्या गावाने विचारला असता.

"कुणाचं लगीन हाय?"

"कुणाचंबी न्हाई," जाऊ म्हणाली.

"मग कामून? पोरगा मिशीला आला, आन तू आता नटायलीस व्हय?"

"नटाय न्हाई. भराय."

"ते तर म्हशीलाबी आमी पेंड-आमुण्यानं भरताव," दीर म्हणाला आणि हसला, पण नंतर मला एकटीला गाठून हळूच विचारलं, "वयनी, दुखंल का हो तिला लई?"

पैशाचा भाग मी इथे लिहीत नाही. तो तिचा आणि तिच्या दोन म्हशींचा मामला आहे.

कारण तिने मला सांगितलं ते बिदरला जाताना, बसमध्ये. मी वही काढून डॉक्टरबाईंना विचारायचे प्रश्न वाचत होते. सात होते. किती दुखेल, किती सुजेल, किती दिवस टिकेल, बिघडलं तर काढता येतं का, जेवण काय, डेअरीत कधीपासून यायचं. सातवा माझा खासगी होता. मी विचारलं, "तुझा काही प्रश्न आहे का? लिहिते."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अक्का, अव्वा माझ्याकडं बगत न्हाई."

अव्वा म्हणजे तिची आई. मला वाटलं, भांडण झालं.

"तसं न्हाई. बोलती, जेवू घालती, डोक्यावर हात फिरवती. पर बगताना माझ्या कानाकडं बगती. ल्हानपणापासून. तुमी एकदा ध्यान द्या. तोंडाकडं म्हणून बगत न्हाई."

मग तिने ते सांगितलं जे आमच्या भागात अशा ओठाबद्दल सगळे सांगतात. हिच्या वेळी अव्वा पोटुशी होती, आणि ग्रहण लागलं होतं. पोटुशीने ग्रहणात काही कापू नये, चिरू नये. अव्वा विळीवर बसली आणि भेंडी चिरली. तीन-चार भेंड्या झाल्यावर तिच्या सासूने बघितलं आणि आरडाओरडा केला. मूल झालं तेव्हा सासूने एकच वाक्य म्हटलं, "बग, काय चिरलीस ते." तेव्हापासून अव्वाने त्या ओठाकडे बघितलेलं नाही.

"ती मेली तर तशीच जाईल, माझा कान बगत," जाऊ म्हणाली. "मला एकदा तिनं तोंडाकडं बगायला पायजे. बास. लगीन न्हाई, काय न्हाई. तिला सांगितलं न्हाई मी. सूज उतरली की जाणार हाय."

मी वही मिटली. सात प्रश्नांमध्ये हा बसत नव्हता.

दवाखान्यात आमच्या आधी एक कॉलेजची मुलगी होती. दार अर्धं उघडं होतं, ऐकू येत होतं. तिने मोबाइलवरचा कुणाचा तरी फोटो पुढे केला होता, असे ओठ पाहिजेत म्हणून. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ये तुटी उसके चेहरे की है. तुज्या चेहऱ्यावर ठेवली तर तुजा चेहरा कुठं जायचा? नक्को. तू सुंदर हाय, जा, परीक्षा दे." मुलगी तोंड पाडून बाहेर आली. माझं डॉक्टरबाईंबद्दलचं मत त्याच क्षणी पक्कं झालं. गिऱ्हाईक दारातून परत पाठवणारा माणूस मी आमच्या बाजारात फार पाहिलेला नाही.

आम्ही आत गेलो. आधी प्रश्न. डॉक्टरबाईंनी माझी वही स्वतःकडे ओढून घेतली आणि एकेका प्रश्नावर बोट ठेवून उत्तर दिलं. दुखेल, पण बधिर करणारं मलम लावू. दोन-तीन दिवस सुजेल, काळंनिळं पडेल, मग उतरेल. ओठ सारखा हलतो, म्हणून औषध हळूहळू विरतं. नऊ महिने, फार तर वर्ष. बिघडलं तर विरघळवणारं इंजेक्शन वेगळं असतं, ते त्यांच्याकडे तयार असतं. आणि माझ्या यादीत नसलेलं एक त्यांनी स्वतःहून लिहायला लावलं: औषध चुकून रक्ताच्या नळीत गेलं तर कातडी पांढरी पडते, खूप दुखतं, तसं काही वाटलं तर रात्र असो की पहाट, लगेच फोन करायचा. "और देखो, मैं झूट नै बोलती. व्रण राहणार. दोन्ही बाजू आरशासारख्या एक नाही होणार. फरक पडेल, जादू नाही."

सातवा प्रश्न माझ्या गालांचा होता. पन्नाशीनंतर ते आत गेलेत. डॉक्टरबाईंनी दिवा माझ्याकडे वळवला, गाल आतून बोटाने ढकलून बघितला आणि म्हणाल्या, "भरता येतं. पर पहले दात के डॉक्टर कू मिलो. मागच्या दाढा कुठं गेल्या तुमच्या?" जाऊ पदरामागे हसली. प्रश्न खोडला.

त्यांनी जावेचे फोटो काढले. समोरून, दोन्ही बाजूंनी, हसताना, ओठ फुगवून. ती पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे हात खाली ठेवून बसली होती, आणि हाताचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. शेवटी तिने माझी पिशवी धरली. मग ओठाला मलम लावून वरून पातळ कागद चिकटवला. अर्धा तास थांबायचं होतं.

त्याच अर्ध्या तासात जिन्यावर चपलांचा आवाज आला आणि दारात अव्वा उभी राहिली. जुनं लुगडं, पण धुतलेलं, कपाळाला ताजा विभूतीचा पट्टा, काखेत पिशवी. गावातल्या जीपवाल्याने तिला खाली सोडलं होतं. ती एक हात भिंतीला लावत आत आली, तिने लेकीचा आवाज कुठून येतो ते ऐकलं, तिच्याजवळ बसली आणि कुजबुजत म्हणाली,

"कितवा म्हैना हाय?"

जावेचा ओठ बधिर झालेला. "काय ग्हैना?" एवढंच तिच्या तोंडून आलं.

"गावात कुणाला सांगितलं न्हाई मी," अव्वा म्हणाली. "या वयात म्हणलं लोकं हसतील. पर देवानं दिलं तर आपुन न्हाई कामून म्हणायचं? माहेरची ओटी आदी पायजे. घिऊन आले."

मला समजायला थोडा वेळ लागला. आमच्याकडे पोटुशी बाईची ओटी भरायच्या कार्यक्रमाला ओटभरण म्हणतात. दोन दिवसांपूर्वी अव्वाचा फोन आला होता, तो दिराने घेतला. आणि दिराने, गोठ्यात उभं राहून, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, सासूला सांगितलं होतं: शुक्रवारी ती बिदरला, बसस्टँडमागच्या दवाखान्यात, ओठ भरायला जायली. बायकोने गुपित ठेवायला सांगितलंय हे तो विसरला होता. अव्वाने वार ऐकला शुक्रवार, जो ओटीचाच वार. "ओठ"ची झाली "ओटी". आणि त्रेचाळीस वर्षांची लेक तिच्या हिशेबात पोटुशी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर संध्याकाळी मी दिराला धारेवर धरलं तेव्हा तो म्हणाला, "मी ठ म्हणलो, वयनी! ठ! त्यांना ट ऐकू आला तर म्या काय करू?"

मी अव्वाला समजावलं. ओटी नाही, ओठ. ओठात औषध भरायचंय. अव्वा ऐकत राहिली. पिशवीतून नारळाची शेंडी वर आलेली होती, ती तिने हळूच आत ढकलली.

"कुठला ओठ?"

मी जावेकडे बोट केलं. आणि तेव्हा मी ध्यान दिलं. जाऊ तिच्या समोर बसली होती, हातभर अंतरावर, आणि अव्वाची नजर तिच्या कानाच्या बाजूला होती.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं होतं. अव्वाला बाहेर बसवा असं त्यांनी म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या म्हणाल्या, "अव्वा, आत बसा. उडी तुंबायला आलात ना? तुंबूनच जा." कानडीत ओटी भरण्याला उडी तुंबणं म्हणतात. अव्वाला दोन्ही भाषा येतात. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर.

यानंतरचा पाऊण तास मी उभी राहून बघितला. माझ्या आयुष्यात मी फार थोड्या माणसांना एवढं सावकाश काम करताना पाहिलंय.

डॉक्टरबाईंनी जावेला आडवं केलं नाही. ताठ बसवलं, कारण आडवं झालं की चेहरा बदलतो, म्हणाल्या. पांढऱ्या पेन्सिलीने ओठावर बारीक ठिपके काढले, मागे सरून बघितले, एक ठिपका पुसला, केसभर वर काढला. औषधाची पिचकारी नर्सने मला दाखवली. पाण्यासारखं स्वच्छ, पण घट्ट. जवस उकळल्यावर जो चिकट रस सुटतो, तसं. आपल्या अंगात हे मुळातच असतं आणि ते पाणी धरून ठेवतं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. मग त्यांनी बोलणं बंद केलं.

सुई आत जायची, थेंबभर औषध, सुई बाहेर. मग बोटाने ओठ दाबायचा, सोडायचा आणि रंग परत येतो का ते बघायचं. रंग आला की पुढचा थेंब. जुन्या टाक्यापाशी त्या सगळ्यात जास्त थांबल्या. तिथे कातडी घट्ट, औषध आत शिरत नव्हतं. घाईचा माणूस असता तर त्याने जोर केला असता. त्यांनी पिचकारी ठेवून दिली, बोटाच्या टोकाने तो व्रण चोळून मऊ केला, दोन मिनिटं, तीन मिनिटं, आणि पुन्हा थेंबभर. ज्याने पहिल्यांदा हा ओठ शिवला, त्याच्या कामाचाही त्या मान ठेवतायत असं मला वाटलं. एकदा त्या पुटपुटल्याही, "अच्छा सिया है किसीने."

जावेच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मान हलली नाही. म्हशीने लाथ मारली तरी बादली न सोडणारी बाई ती.

मध्येच कोपऱ्यातून अव्वाचा आवाज आला. "माज्यामुळं झालं ते."

डॉक्टरबाईंनी सुई बाहेर काढली. वळल्या नाहीत. "कसं, अव्वा?"

अव्वाने सांगितलं. ग्रहण, विळी, भेंडी. इतकी वर्षं मुरलेली गोष्ट, चार वाक्यांत संपली.

"कितवा महिना होता?"

"पाचवा. पाचवा लागून आठ दिस झाल्ते."

"मग ऐका, अव्वा. पोटात बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो. जुळला तर जुळला, नाही तर फाटका राहिला. तुमचं गिऱ्हाण आलं तवा हा ओठ असाच होऊन दोन महिने उलटले होते. तुम्ही भेंडी चिरा की भोपळा चिरा, त्याला काय करणार?"

हे इतकं साधं होतं. तारीख आणि हजेरी. ग्रहणाच्या दिवशी ओठ आधीच हजर होता, तसाच फाटलेला. पाचवा महिना होता हे अव्वाने गावात किती जणींना सांगितलं असेल, पण महिने मोजून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी मोजण्यासाठीच प्रसिद्ध आहे.

अव्वा बोटांवर मोजत होती. अंगठा एकेका पेरावर ठेवून, ओठ हलवत. परत पहिल्यापासून मोजलं.

"मग कामून झालं?" तिने विचारलं.

"माहीत नाही, अव्वा. कधी कधी होतं. कुणाचा हात नसतो त्यात."

अव्वाने मान हलवली. पटलं म्हणून की नुसतीच, ते मला कळलं नाही. डॉक्टरबाई पुन्हा कामाला लागल्या.

सगळं झाल्यावर बर्फ दिला, काय करायचं आणि काय नाही ते नर्सने सांगितलं, मी लिहून घेतलं. जाऊ खुर्चीतून उतरणार तेवढ्यात अव्वा उठली. "आणलंय तर आणलंय," म्हणाली. "पदर धर." आणि दवाखान्यातच, बर्फाची पिशवी ओठाला लावलेल्या लेकीच्या पदरात तिने खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ आणि हळकुंडं टाकली. फळांच्या वेळी ती थांबली. "ही डॉक्टरणीची," म्हणाली. डॉक्टरबाईंना पदर नव्हता, ओढणी होती; ती त्यांनी दोन्ही हातांनी पसरली. केळी, पेरू, मोसंबी, चिकू आणि एक सीताफळ. नर्सने मोबाइल काढला. त्या फोटोत जावेचं अर्धं तोंड बर्फामागे आहे, पण पदरामागे नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा ओठ वांग्याएवढा झाला. दीर म्हणाला, "आज म्हशीलाबी तुजी वळख लागंना."

"म्हस हात वळखती, तोंड न्हाई," जाऊ म्हणाली. "आन तुमी तर दोनीबी वळखत न्हाईत."

तिसऱ्या दिवशी निळं, मग हिरवट, मग पिवळं. मी रोज सकाळी डेअरीच्या आधी जाऊन बघत होते आणि वहीत रंग लिहीत होते. दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा बिदरला गेलो. डॉक्टरबाईंनी जुना फोटो आणि चेहरा शेजारी धरून बघितला, टाक्यापाशी आणखी दोन थेंब भरले, आणि पिचकारी खाली ठेवून स्वतःच्या कामाकडे थोडं लांबून बघितलं. खूश होत्या. व्रण होताच, सांगितल्याप्रमाणे. पण रेघ गेली होती. तिथे ओठ होता.

घरी येऊन जावेने बशीत चहा ओतला आणि प्यायली. ओघळ नाही. तिने बशी खाली ठेवून कोपऱ्याला बोट लावून बघितलं, कोरडा होता. मग आणखी अर्धा कप मागितला. चुलीपुढे तिने स्वतःच पाटाची जागा बदलली. आता ती भाकरी थापताना दाराकडे तोंड करून बसते. कुणी काही म्हटलं नाही. मला वाटतं, अशा कामाची हीच तारीफ. कुणाला ओठ दिसू नये, माणूस दिसावा.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही दोघी ठाणाकुशनूरला गेलो. अव्वा अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. जाऊ तिच्यापुढे जाऊन बसली. पदर डोक्यावर होता, हात मांडीवर. मी ओट्यावर थांबले. नातीगोती, तब्येतपाणी, सगळं आटोपल्यावर अव्वाने सूप बाजूला ठेवलं.

"डॉक्टरीण म्हणली तसं मी मोजून बगितलं," अव्वा म्हणाली. "घरी आल्यावर. लई बार मोजलं. बरोबर हाय तिचं."

"व्हय," जाऊ म्हणाली.

"सासूला सांगायला पायजे हुतं. आता कुठं हाय ती." मग ती पुढे सरकली. तिने दोन्ही हातांनी लेकीची हनुवटी धरली आणि नजर कानावरून काढून समोर आणली. तोंडाकडे. अव्वाने लेकीची मान इकडे करून बघितलं, तिकडे करून बघितलं. हनुवटी धरून तिला उन्हाकडे वळवलं. परत सावलीकडे वळवलं.

"इकडं फीर. आनखीन." डोळे बारीक केले. "दिसंना गं, माय."

"काय दिसंना?"

"तोंड. धुकं दिसायलंय. कडंकडंनं दिसतंय जरा. मधी धुकं."

मी ओट्यावरून उतरले. तिच्यासमोर तीन बोटं धरली. तिने पाच सांगितली, मग दोन सांगितली. कधीपासून, म्हटलं. दोन-तीन पावसाळे झाले, म्हणाली. घरात कुणाला सांगितलं का? कुणाला नाही सांगितलं. तूर ती हाताने निवडते, खडा बोटाला कळतो. बिदरच्या दवाखान्यात भिंतीला हात लावत ती का आली होती, ते मला आत्ता कळलं. डोळ्यांच्या बाहुल्या उन्हात बघितल्या, तर दोन्हींवर साय धरल्यासारखी. मोतीबिंदू. आणि ती कानाकडे बघायची ते किती वर्षं भेंडीमुळे आणि शेवटची किती वर्षं कडेनेच दिसत होतं म्हणून, हे आता तिलाही सांगता येणार नाही.

अव्वाने अंगठा लेकीच्या ओठावर ठेवला आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळू फिरवला. टाक्यापाशी थांबली, पुढे गेली. "मऊ हाय," म्हणाली. "लई मऊ हाय. भरलाय."

"बोटानं नको, अव्वा," जाऊ म्हणाली. तोंड झाकायला तिचा हात वर गेला नाही. "डोळ्यानं बग. डोळ्यानं बगायचं हाय तुला."

परतीच्या बसमध्ये मी वहीत नवं पान घेतलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिदरला होतं, सकाळी नेऊन संध्याकाळी घरी. साधं काम. एक डोळा, मग महिन्याने दुसरा. मी दोन फोन केले आणि पुढच्या आठवड्याचा वार घेतला.

अव्वा म्हणाली, सगळी तूर घरात येऊ दे. तूर आली. मग हरभरा होता. हरभऱ्यानंतर गावची जत्रा. जत्रेत पाहुणे, डोळ्याला पट्टी बांधून कसं बसायचं. आता एप्रिल लागलाय आणि ती म्हणते, उन्हाळ्यात डोळा चिघळतो, पाऊस पडू दे. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तसं काही नसतं, आता वर्षभर करतात. ते मी तिला सांगितलं. जावेने सांगितलं. डॉक्टरबाईंनी फोनवर कानडीतून सांगितलं. ती सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणते आणि येत नाही. खरं कारण भीती आहे. ते तिने एकदाच, चुकून, म्हटलं: डोळ्यात सुई कशी घालून घ्यायची. त्यावर जाऊ म्हणाली, "मी ओठात घालून घेतली न्हाई का?" अव्वा "व्हय" म्हणाली, पण आली नाही.

नऊ महिने, फार तर वर्ष. ओठातलं औषध तेवढंच टिकणार, आणि डिसेंबरपासून चार महिने गेले. जाऊ आरशात रोज बघते की नाही मला माहीत नाही, मी बघते. अजून टिकून आहे. वहीत तीन वेळा वार लिहिला आणि तीन वेळा खोडला. आज चौथ्यांदा लिहिलाय: पुढचा शुक्रवार, सकाळी आठ, जीप ठाणाकुशनूरहून, जाऊ आदल्या दिवशी मुक्कामाला जाणार. उजवा डोळा आधी. अव्वाचा होकार अजून यायचा आहे.